एक काम शिल्लक

आमची पेटी अकरा महिने बंद झाली नव्हती आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मी, प्रमोद शिंत्रे, बत्तीस वर्षं वीज उपकेंद्रात ऑपरेटर होतो. कुठली लाइन चालू आणि कुठली बंद, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा माणूस. आणि माझ्याच घरात एक यंत्र रोज संध्याकाळी साडेआठला पडद्यावर तीच ओळ दाखवत होतं : ‘एक काम शिल्लक आहे. थांबत आहे.’ मी ती वाचायचो आणि जेवायला बसायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पेटी म्हणजे घरचा कॉम्प्युटर. हे नाव माझ्या बायकोने, उज्ज्वलाने ठेवलेलं. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाच वर्षांपूर्वी तो हॉलच्या भिंतीत बसवला, तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘हार्मोनियमएवढा तर आहे, पण आवाज सगळ्या घरभर.’’ दार, दिवे, गॅस, औषधांच्या वेळा, सगळं पेटीच्या ताब्यात. संध्याकाळी साडेआठला ती आवरतं घ्यायची, बंद व्हायची आणि पहाटे पाचला आपण होऊन उठायची.

गेल्या ऑगस्टमध्ये उज्ज्वलाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. शब्द आत शाबूत होते, बाहेर येताना त्यांचं भलतंच काही व्हायचं. पाणी हवं असलं की ती ‘‘गाद गाद’’ म्हणायची, आणि आपण तसं म्हणतोय हे तिला ऐकू यायचं, म्हणून रडायची. एकच शब्द स्वच्छ निघायचा : ‘‘अहो.’’ अठ्ठावीस वर्षांच्या सवयीचा. डॉक्टर म्हणाले, असे अंगवळणी पडलेले शब्द मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतात, कधी कधी तेवढेच वाचतात.

बाकीचं पेटीने शिकून घेतलं. उज्ज्वलाच्या तोंडून निघालेला आवाज, त्या वेळी तिची नजर कुठे आहे, डावा हात काय करतोय, घड्याळात किती वाजलेत, हे सगळं ताडून ती अर्थ लावायची आणि भिंतीतून बोलून दाखवायची. तेही उज्ज्वलाच्याच जुन्या आवाजात. पहिला महिना नुसती चाचपडत होती. मार्चपर्यंत अशी तयार झाली, की उज्ज्वला तिला सांभाळायला येणाऱ्या मालनबाईंशी आमटीतल्या मिठावरून चक्क भांडू लागली. मला वाटलं, निम्मी तरी बायको परत मिळाली.

जूनपासून पेटी चुकायला लागली. उज्ज्वलाने पाणी मागावं आणि भिंतीने म्हणावं, ‘‘खिडकी लावा.’’ आधी दिवसातून एकदा, मग तासातून एकदा. एके दिवशी दुपारी तिचं पोट दुखत होतं. ती कळवळून काहीतरी सांगत होती आणि भिंत तिच्या आवाजात शांतपणे म्हणत होती, ‘‘मी बरी आहे. तुम्ही झोपा.’’ उज्ज्वलाने डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर इतकं बडवलं, की बांगडी फुटली.

तेव्हा कुठे मी त्या ओळीकडे नीट पाहिलं.

आधी माझे मीच उपाय केले. इंटरनेट काढलं. दाराचा कॅमेरा सोडवला. बंद करायचा हुकूम तीनदा दिला. तीच ओळ. मदत केंद्राला फोन लावला, तर तिथल्या मुलीने पाठ केलेलं सांगितलं, ‘‘सर, बाजूचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा.’’ मी दाबलं. चौथ्या सेकंदाला पडद्यावर लाल अक्षरं आली : ‘३३४ दिवसांचं शिकलेलं पुसलं जाईल.’ मी चटका बसल्यासारखं बोट काढलं. विषाची परीक्षा कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेहून यास्मिन आत्तार आली. तिशीची असेल. या पेट्यांची दुरुस्ती आमच्या भागात तीच करते. तिने आपली पाटी, म्हणजे हातातला पडदा, पेटीला जोडली आणि अर्धा तास त्यावरच्या ओळी वरखाली करत राहिली. मग चष्मा कपाळावर सरकवला.

‘‘काका, अकरा महिने काय करत होता ओ तुम्ही?’’

‘‘वीजबिल काही फार येत नव्हतं,’’ मी म्हणालो. उत्तर किती मूर्खपणाचं आहे ते बोलतानाच कळलं.

‘‘बिलाचा काय संबंध? हिला झोप लागंना झालीय. अकरा महिने एक मिनिट झोपली नाही ही.’’

तिने मला समजावून सांगितलं ते असं. जुने कॉम्प्युटर वहीत लिहावं तसं लिहायचे. वही मिटली काय, उघडी राहिली काय, अक्षर तेच. या नव्या पेट्यांच्या आत अक्षरं नाहीत, धागे आहेत. मेंदूत असतात तसे. एखादी गोष्ट पुनःपुन्हा घडली की तिचा धागा जाड होतो. पण दिवसभरात जे नवं शिकलं जातं ते कच्च्या धाग्यांत असतं. पेटी बंद होताना ते उकलून पाहते. कामाचे धागे पक्के विणून घेते आणि उरलेले सोडून देते. माणसाचा मेंदू झोपेत हेच करतो. म्हणून तर झोप न मिळालेला माणूस बरळतो.

‘‘आता हिच्यात अकरा महिन्यांचं कच्चं सूत साठलंय,’’ यास्मिन म्हणाली. ‘‘सगळा गुंता. आठ दिवसांत, नाहीतर त्याच्या आधीच, काकूंचं एक अक्षर हिला कळायचं नाही. आणि बटण दाबून मारली, तर कच्चं सगळंच जाईल. काकूंची बोली त्याच्यातच आहे.’’

‘‘पुन्हा शिकेल की.’’

‘‘शिकेल. पण काकू पुन्हा शिकवतील का? एवढी ताकद राहिलीय का त्यांच्यात?’’

 मेमध्ये उज्ज्वलाला आणखी एक लहान झटका येऊन गेला होता. आता ती दिवसातला बराच वेळ झोपून असायची.

‘‘मग नीट बंद कर तिला.’’

‘‘तेच तर होईना.’’ तिने पाटी माझ्याकडे वळवली. ‘‘बंद होताना पेटी प्रत्येक कामाला विचारते, आवरलं का? सगळी हो म्हणाली, की मगच बंद होते. तुमची सगळी हो म्हणतात. एक गप्प आहे. बघा.’’

मी वाचलं. काम लावणार : उज्ज्वला. काम : ‘घरातली दोघं घरी आल्याशिवाय झोपायचं नाही.’ प्रमोद, आले. ओजस, वाट पाहत आहे. नऊ ऑगस्टपासून.

‘‘ओजस कोण?’’ यास्मिनने विचारलं.

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी तिला गॅलरीत नेलं आणि काच सरकवली.

ओजस आमचा मुलगा. चोवीस वर्षांचा. नऊ ऑगस्टला कामावरून येताना अंकलीच्या पुलापाशी त्याची गाडी वाळूवरून घसरली. चूक कुणाची नव्हती. पोलिसांचा फोन मला आला, मी धावलो. मी इस्पितळात त्याच्या चादरीपाशी उभा होतो, त्याच वेळी इकडे उज्ज्वला त्याची वाट पाहत उंबऱ्यातच कोसळली. तिला काहीच कळलेलं नव्हतं. ती तेवीस दिवस इस्पितळात होती. डॉक्टर म्हणाले, मनाला धक्का बसेल असं इतक्यात काही सांगू नका. कॉलनीतल्या लोकांना मी हात जोडून सांगितलं, मालनबाईंना शपथ घातली. ओजसच्या फोटोला हार घातला नाही. उज्ज्वला पेटीतून विचारायला लागली तेव्हा सांगितलं, कंपनीने तातडीने त्याला समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर पाठवलंय, तिथे फोन लागत नाही. दर पंधरा दिवसांनी मीच एखादा निरोप रचायचो आणि तिला वाचून दाखवायचो. डिसेंबरनंतर तिने विचारणं सोडलं. तिला पटलं, असं मी धरून चाललो. मला तेच सोयीचं होतं.

यास्मिनने हे सगळं मान खाली घालून ऐकलं.

‘‘मग काका, ते काम तुम्ही काढून टाका की. विषय संपला.’’

‘‘मला काढता येणार नाही.’’

‘‘का?’’

‘‘ज्याने काम लावलं त्यानेच काढायचं, हा नियम मी घातलाय.’’

हात दाखवून अवलक्षण. पण तो नियम मी उगाच घातला नव्हता. उपकेंद्रात लाइनमन खांबावर चढण्याआधी स्वतःच्या नावावर परमिट घेतो. तो खाली उतरून, स्वतः येऊन, स्वतःच्या सहीने परमिट परत करेपर्यंत ती लाइन चालू करायची नाही. मंत्र्याचा फोन आला तरी नाही. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका पाळीत कुणीतरी ‘तो उतरलाय, मी बघितलं’ म्हणून दुसऱ्याचं परमिट परत केलं होतं. तो उतरला नव्हता. त्याला खाली घेताना मी शिडी धरली होती. तेव्हापासून दुसऱ्याच्या वतीने दिलेल्या शब्दावर माझा विश्वास नाही. पेटी आणली त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत हाच नियम तिच्यात बसवला आणि माझं बघून ओजस हसला होता. ‘‘बाबा, हे घर आहे, सबस्टेशन नाही.’’

‘‘एक रस्ता आहे,’’ यास्मिन म्हणाली. ‘‘मला आवडत नाही, पण सांगते. पेटी माणसाला पावलावरून आणि आवाजावरून ओळखते. मुलाचं जुनं रेकॉर्डिंग आत असणारच. ते दारातून दिल्यासारखं केलं तर तिला वाटेल आला. काम आवरेल.’’

मी क्षणभर मोहात पडलो, खोटं कशाला बोलू? पण मग आठवलं. कुणी घरी आलं की पेटी घरभर सांगायची. आतल्या खोलीत पडलेल्या उज्ज्वलाला ऐकू आलं असतं, ‘‘ओजस आला.’’

‘‘नको,’’ मी म्हणालो.

‘‘मग काकूंनाच काढायला लागेल. आणि काढायचं तर कारण सांगावं लागणार.’’

‘‘मी शब्द दिलाय, यास्मिन.’’

‘‘कुणाला?’’

तेही सांगितलं. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर मी, माझा मेव्हणा आणि दोन मित्र होतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चार-पाच बसले होते, एकही खाली येईना. अर्धा तास झाला, तास झाला. मेव्हणा म्हणाला, तुझी मोटरसायकल कुणाला विकणार नाही. मित्र म्हणाले, तुझ्या नावाने शाळेत बक्षीस ठेवू. कावळे ढिम्म. गुरुजी मला म्हणाले, ‘‘त्याचा जीव कशात अडकला असेल ते तुम्हालाच ठाऊक. बोला.’’ दीड तास झाला होता. मी हात जोडले आणि म्हणालो, ‘‘बाळा, तुझ्या आईला हे कधी कळू देणार नाही. तू जा.’’ आणि कावळा आला.

कावळ्याला भूक लागली असेल, हे मलाही कळतं. मी विजेचा माणूस आहे. पण मुलाच्या पिंडापुढे उभा असलेला बाप विजेचा माणूस नसतो. तो शब्द मी अकरा महिने छातीशी धरून बसलो होतो, कारण माझ्याकडे ओजसचं तेवढंच उरलं होतं.

यास्मिनने काच पुन्हा सरकवायला हात घातला. मग म्हणाली, ‘‘तुमच्यातलं मला काय कळणार, काका? पण मेलेल्याचं ऐकून जितीचं बोलणं घालवणार का? बघा.’’

आतून पेटी बोलली, उज्ज्वलाच्या आवाजात, ‘‘दिवा लावा. खिडकी दिवा. दूध पायात.’’ आणि त्यामागून उज्ज्वलाचा खरा आवाज, घाबरलेला, ‘‘अहो! अहो!’’

मी आत गेलो.

ती उशीला टेकून बसली होती. मी स्टूल ओढलं. मालनबाईंना स्वयंपाकघरात जायला सांगितलं. बोलायला सुरुवात कशी करावी ते सुचेना, म्हणून यंत्रापासूनच केली.

‘‘उज्ज्वला, पेटी बंद होत नाहीये. म्हणून ती चुकते. तू लावलेलं एक काम अडकलंय.’’

 मग तिच्या तोंडून तुटके आवाज निघाले. भिंत बराच वेळ गप्प होती. या बोलण्यात पेटीने शब्दाशब्दाला उशीर लावला, पण चुकली मात्र नाही.

‘‘ओजस आला नाही म्हणून.’’

‘‘हो.’’

‘‘कुठे आहे तो?’’

पवनचक्की माझ्या ओठांवर आली होती. मी तिचा डावा हात धरला.

‘‘नाही तो, उज्ज्वला. नऊ ऑगस्टलाच गेला. अंकलीच्या पुलापाशी. तुला झटका आला त्याच संध्याकाळी.’’

ती रडेल, ओरडेल, तिला पुन्हा झटका येईल, या सगळ्याची तयारी करून मी बसलो होतो. औषध खिशात होतं. तिने फक्त डोळे मिटले आणि उघडले.

‘‘मला वाटलंच होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते,’’ भिंत म्हणाली.

 ती माझ्यासाठी थांबली होती आणि मी तिला पवनचक्क्यांचे निरोप वाचून दाखवत होतो. लाजेने माझे कान तापले.

‘‘दहावा कुणी केला?’’

‘‘मी.’’

‘‘कावळा शिवला?’’

‘‘शिवला.’’

‘‘लगेच?’’

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि ती मी घेतली नाही. ‘‘नाही. दीड तास लागला.’’

यानंतरचा प्रश्न कुठलीही बाई विचारेल. घाटावर काय होतं ते आमच्याकडच्या सगळ्यांना ठाऊक असतं. उज्ज्वलाचे ओठ हलले आणि भिंतीला या वेळी अजिबात उशीर लागला नाही.

‘‘काय कबूल केलंत?’’

‘‘तुला सांगणार नाही म्हणून.’’

तिने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. हळूहळू, एकेक बोट. मग ती भिंतीकडे वळली आणि खूप वेळ पुटपुटत राहिली. पेटी म्हणाली, ‘‘माझा जीव त्याच्यात अडकला होता. त्याचा माझ्यात. आणि तुम्ही मध्ये उभे राहिलात.’’

हॉलमधून यास्मिनने विचारलं, ‘‘काकू, काम काढायचं?’’

पेटीने रीतसर विचारलं, ‘ओजसची वाट पाहणं थांबवू?’

उज्ज्वलाने मान हलवली. पेटीला ती पुरली नाही. तोंडाने सांगावं लागतं, हाही माझाच नियम. तिने दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी आवाज निघाला. शब्द कसला, नुसता घशातला आवाज, पण अकरा महिने तिच्याबरोबर काढलेल्या त्या यंत्राला तो कळला. कामातून ओजसचं नाव गेलं, वाट पाहायला माझं एकट्याचं राहिलं.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी पेटी बंद व्हायला लागली. अकरा महिन्यांचं सूत विणायला तिला सात तास लागणार होते. यास्मिनने सामान आवरलं, आत जाऊन उज्ज्वलाच्या पायांना हात लावला आणि गेली.

ते सात तास आम्ही एका खोलीत बसून होतो. भिंत मुकी. मालनबाईंनी भात कालवून भरवला तो उज्ज्वलाने खाल्ला. मी दोनदा पाणी पुढे केलं, तिने घेतलं. मी वाट पाहत होतो. पेटी नसली तरी एक शब्द तिचा तिला येत होता ना. कूस बदलायची असली, चादर सरकली, डास चावला, तरी इतके दिवस ती म्हणायचीच. तीन वाजता चादर सरकली. तिने ती डाव्या हाताने, तीन प्रयत्नांत, स्वतः ओढून घेतली.

सव्वासातला पेटी उठली. स्वच्छ, ताजी, पूर्वीसारखी. ‘‘मालन, खिडकी उघड,’’ उज्ज्वला भिंतीतून म्हणाली, आणि ते अगदी बरोबर होतं.

याला आता महिना झाला. पेटी एकदाही चुकलेली नाही. उज्ज्वला मालनबाईंशी बोलते, तिच्या भावाशी फोनवर बोलते. परवा यास्मिन येऊन गेली, तिच्याशी तासभर बोलली, ओजस लहानपणी कसा होता ते सांगितलं. एकदा हसलीसुद्धा. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकलं. मला काही हवं-नको सांगायचं असलं तर ती मालनबाईंकडे पाहून म्हणते, ‘‘त्यांना सांग, गोळ्या संपल्या.’’ ‘अहो’ मी त्या दिवसानंतर ऐकलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं, हाही शब्द गेला असेल का? त्यांनी तपासून सांगितलं, मेंदूत नवीन काही झालेलं नाही.

काल औषधं आणायला गेलो, तर दुकानात गर्दी होती. परत येताना पुलाच्या दिशेने थोडा चाललो. कुणास ठाऊक का. घरी पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते. एरवी माझं पाऊल जिन्यात वाजलं की दारावरचा दिवा लागतो. काल लागला नाही. मी अंधारात किल्ली चाचपली आणि दार उघडलं. घर गप्प होतं. मालनबाई, त्या आता रात्रीही थांबतात, आतल्या खोलीत खाली पथारी टाकून झोपल्या होत्या आणि उज्ज्वलाचे डोळे मिटलेले होते, श्वास मात्र झोपलेल्या माणसाचा नव्हता. मी माझं ताट वाढून घेतलं आणि उभ्या उभ्या जेवलो.

आज पहाटे पाचला पेटी उठली तेव्हा मी तिच्यापुढेच बसलो होतो. आदल्या दिवसाची नोंद पडद्यावर आली. साडेआठ वाजता उज्ज्वलाने ‘बंद हो’ म्हणून सांगितलं होतं. पेटीने सगळ्या कामांना विचारलं होतं, आवरलं का? सगळी हो म्हणाली होती. खाली शेवटची ओळ होती : ‘कुणाची वाट पाहायची नाही. पेटी नीट बंद झाली.’